आमराईत लपवलेली जीप

१२ डिसेंबर १९९७, सकाळी सव्वासात. कात्रजच्या पलीकडे एका आमराईत आम्ही जुनी जीप लपवली. जागा मी स्वतः पावलांनी मोजून नकाशावर टिपली आणि समोरच्या टेकडीवर गेलो.

आमच्या रडारच्या लांब लहरी पानांमधून आरपार जातात आणि लोखंडावरून परततात, असा आमचा दावा होता. तो त्या दिवशी सिद्ध करायचा होता. आमच्या गटातल्या सहा जणांपैकी चौघे नोकरी सोडून सॉफ्टवेअरकडे गेले होते. उरलो मी आणि एक तरुण अभियंता बाई. त्यांच्याही पिशवीत एका कंपनीचे नेमणूकपत्र होते. संध्याकाळपर्यंत सही करून द्यायचे होते.

"चाचणी फसली तर सही करणार, सर," त्यांनी आधीच सांगितले.

"पेन आणलं आहे ना?" मी विचारले.

टेकडीवर मांडलेल्या रुळावरून रडारची अँटेना वीत-वीत सरकवण्यात दुपार झाली. संगणकाच्या पडद्यावर ठिपका उमटला. ठळक होता, पण माझ्या खुणेपासून सत्तावीस पावले दूर. मी वहीत 'अयशस्वी' लिहिले.

"यंत्र बरोबर आहे, सर. खूण तपासू या."

"ती खूण मी केली आहे."

"म्हणूनच म्हणते."

खाली उतरलो. खुणेच्या झाडाखाली टायरांचे ठसे तेवढे होते. सत्तावीस पावलांवर, सर्वांत दाट झाडाखाली जीप उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर आमचा चालक झोपला होता.

"इथे कोणी आणली?"

"मीच, साहेब. तुम्ही टेकडीला लागला तवाच. तिथं दुपारचं ऊन येतं, शीट तापती. हितं सावली झ्याक हाय."

सावली सोडून गाडी उभी करणारा मनुष्य मी या शहरात अद्याप पाहिलेला नाही. हे सकाळीच सुचायला हवे होते. बाई हसल्या नाहीत. त्याचा मला अधिक त्रास झाला.

मोजलेले जागेवरच लिहून सही करायची, हा माझाच नियम. वही टेकडीवर राहिली होती. मी कागद मागितला. बाईंनी नेमणूकपत्र काढले आणि कोरी बाजू वर करून पुढे धरले.

"खराब होईल," मी म्हणालो.

"होऊ दे."

मी लिहिले: 'यंत्र बरोबर. खूणही बरोबर. जीप हलली.'

"मधलं वाक्य राहू द्यायचं, सर?"

"ते खरं आहे."

खाली मी सही केली. चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायची ठरली. निघताना चालकाकडून जीपची किल्ली घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.