चावतो कुठे?

आमच्या इटलीतल्या फेर्मोकडच्या गावात निम्मे लोक बूट बनवतात आणि उरलेले निम्मे त्या बुटांना नावं ठेवतात. नाझारेना दोन्हींत नव्हती. ती पाय होती. कारखान्यातला प्रत्येक नवा बायकी बूट आधी तिच्या सदतीस नंबरच्या उजव्या पायात जायचा. एल्पिदियो मास्तर गुडघे टेकून विचारायचे, "चावतो कुठे?" ती डोळे मिटून सांगायची, "करंगळीपाशी. तांदळाच्या दाण्याएवढा." मास्तर बुटाच्या लाकडी फर्म्यावर, म्हणजे साच्यावर, तिथेच चामड्याची चकती चिकटवून जागा वाढवायचे. "नवरासुद्धा इतक्या वेळा गुडघ्यावर आला नसेल गं," असं आम्ही शिवणाऱ्या बायका तिला चिडवायचो.

तीस वर्षं टोकदार बूट. अंगठा आत कलला, त्याने शेजारच्या बोटाला रेटलं, आणि ते बिचारं कमान करून वर उठलं. त्यावर कुरूप धरलं. नाझारेना जाड मोजे घालू लागली. मास्तरांनी ओळखलं होतं. ते दर हंगामात फर्म्यावर त्या बोटाच्या जागी एक चकती चढवत गेले.

मग दुकानांतून बूट परत येऊ लागले. बोटांवर पोकळ, चालताना वाजतात म्हणे. मालकाने फर्मा हातात घेतला. फर्म्याला टेंगूळ आलं होतं.

"हा बाईचा पाय की उंटाचा?" मालक म्हणाला. "इस्टरपर्यंत बोट सरळ झालं तर ठीक, नाहीतर दुसरा पाय बघतो."

"दुसरा म्हणजे माझा डावाच ना?" नाझारेना म्हणाली.

अँकोनाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर रुंद बूट घातले असते तर पट्टीवर भागलं असतं. आता सांधा आखडलाय. हाडाचा तुकडा काढून तार घालू. बोट बधिर होऊ शकतं हं."

"सरळ होईल ना? मग घाला."

सहा आठवडे तार होती. इस्टरच्या आधी ती बिनमोज्यांची, ऐटीत आली. बोट अगदी सरळ. मास्तरांनी नव्या फर्म्यावरचा बूट चढवला. तो मीच शिवला होता. पुढे चांगलाच अरुंद होता.

"चावतो कुठे?"

तिने डोळे मिटले. आमची यंत्रं थांबली.

"कुठेच नाही, मास्तर."

मास्तरांनी अंगठ्याने टोक दाबलं. "इथे?"

"कुठे? दाबा ना आधी."

मास्तरांनी हळूच बूट काढला. बोटावर लालभडक वळ उठला होता. चामड्याचा रंग लागला असावा, तशी नाझारेना तो रुमालाने पुसत राहिली.