तिरकी खाच

परवा शेजारी दाराला पॉलिश चाललं होतं आणि त्या वासानं वडिलांचं पत्त्यांचं टेबल आठवलं. लकव्यानं त्यांचा डावा हात लुळा पडला, पानं धरता येईनात, म्हणून मीच फणसाच्या फळ्यांचं टेबल केलं आणि त्यांच्या बाजूला पानं उभी करायला लांब खाच पाडली. पहिल्याच डावाला कळलं, खाच तिरकी झालीय. शेजारी बसलेल्या त्यांच्या दोस्ताला त्यांची सगळी पानं दिसत होती. वडिलांनी उजव्या हातानं पानं झाकली. दोस्त म्हणाला, "व्हय, दिसत्यात. पर मी बघणार न्हाय. टाक की पान." त्यानं खुर्ची दाराकडं वळवली आणि तसाच खेळला. आता वडील नाहीत. दोस्तमंडळी मात्र रविवारी त्याच टेबलावर खेळायला येतात. काल चहा द्यायला गेले, तर रिकाम्या खाचेशेजारी त्या दोस्ताची खुर्ची अजून दाराकडंच वळलेली होती.