डावा पंख कोण पिळतं?

माझा पहिला संशय बायकोवर गेला. तसा तो नेहमी आधी तिच्यावरच जातो. चष्मा सापडला नाही की मी स्वयंपाकघराकडे पाहतो, आणि चष्मा बहुतेक वेळा माझ्याच कपाळावर असतो. पण या वेळी प्रकरण गंभीर होतं. बैठकीत दोन स्टुलांवर ठेवलेल्या विमानाचा खालचा डावा पंख पिळलेला होता. ओला पंचा पिळायला घेतला की सुरुवातीला जेवढा वळसा बसतो तेवढाच. पण होता.

"विमानाले हात लावला का तू?" मी विचारलं.

"मी त्याच्या खालून झाडू काढते, तेच उपकार समजा," ती आतून म्हणाली. "सहा फुटाचं जनावर बैठकीत आणून बांधलं. पाहुणे आले तर त्याच्या पाठीवर बसवू का?"

हे जनावर म्हणजे टायगर मॉथ. एकावर एक असे दोन पंख असलेलं, लाकूड आणि कापडाचं जुनं शिकाऊ विमान. लहानपणी मी आणि माझा मित्र सायकलवर डबल सीट सोनेगावला जायचो आणि विमानतळाच्या तारेला नाक लावून उभे राहायचो. तिथे कोपऱ्यात असं एक पिवळं विमान उभं असायचं. मित्र म्हणायचा, ते उडतं. मी म्हणायचो, नाही उडत, नुसतं ठेवलंय. ते उडताना आम्ही कधी पाहिलं नाही, त्यामुळे हा वाद पन्नास वर्षं चालू राहिला. दोघंही कामातून मोकळे झालो तेव्हा ठरलं, आपणच एक बांधू. खऱ्याच्या पाचव्या हिश्श्याचं, रिमोटवर उडणारं.

मी शाळेत फिजिक्स शिकवायचो. मित्र सुतार, आमच्या प्रयोगशाळेतली टेबलंसुद्धा त्याच्याच हातची. तो मला मास्तर म्हणतो, मी त्याला मिस्त्री. विमानाची वाटणी सोपी होती. हिशेब माझा, हात त्याचे. आणि उडवणारही तोच, कारण मी सरावाला घेतलेली फोमची तीन विमानं तीन ठिकाणी गेली होती. एक बाभळीत, एक शेजाऱ्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कैऱ्यांत, आणि तिसरं मागून येऊन माझ्याच पाठीत.

घाईचं कारण वेगळं होतं. जून संपता संपता मिस्त्री नागपूर सोडून मुलीकडे बंगलोरला जाणार होता. चार दिवसांसाठी नाही, कायमचा. कारखाना रिकामा करणं चाललं होतं, पटाशा आणि रंधे वाटून टाकत होता. म्हणजे विमान त्याच्या हातून पावसाआधी, त्या मे महिन्यातच, उडलं तर उडलं. नाहीतर ते माझ्या हाती राहणार होतं, आणि माझ्या हाती विमान म्हणजे काय ते वर आलंच आहे.

सांगाडा हिवाळ्यात त्याच्या कारखान्यात झाला. कापड चढवायचं काम मी माझ्या बैठकीत आणलं. त्याच्याकडे भुसा उडून वार्निशला चिकटेल, हे माझं म्हणणं. शिवाय माझ्याकडे कूलर होता, आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलर नसलेल्या खोलीत मिलिमीटर मोजणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. विमान स्टुलांवर बसलं तेव्हा मिस्त्री दारातच उभा राहिला.

"हे इथं नको ठेवू, मास्तर. माह्या मागच्या खोलीत ठेवू."

"काहून?"

"इथं नको."

मिस्त्रीचं बोलणं एवढंच. शब्दसुद्धा रंधा मारून बोलतो, भुसाही उरत नाही. तेव्हा मी हसून सोडून दिलं. पण पंख पिळलेला दिसला आणि ते 'इथं नको' माझ्या डोक्यात घोळायला लागलं. काहून नको? त्याच्याच खोलीत का? दीडेक महिन्यात त्याच्या दारात सामानाचा ट्रक लागणार. ट्रकमध्ये कपाटं जाणार, पलंग जाणार. मग एखादं सहा फुटी विमान? पंख बिघडत राहिला की दुरुस्तीला म्हणून विमान त्याच्याच खोलीत जाणार होतं.

मी पंख उलट बाजूनं धरला, त्यावरून कोमट इस्त्री फिरवली, सरळ केला. संध्याकाळी मिस्त्री येऊन एक डोळा मिटून पंखाच्या कडेनं पाहून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पंख परत पिळलेला.

मग मी तपास हाती घेतला. स्टुलांच्या पायांभोवती पेन्सिलीच्या खुणा केल्या. दाराला काळा दोरा लावला, त्यात मीच अडकलो. फरशीवर टाल्कम पावडर पसरली आणि दुपारी पाहतो तर काय, अनवाणी पावलं! खिडकीपासून विमानापर्यंत, विमानाभोवती दोन फेऱ्या, आणि तिथून दिवाणापर्यंत. मी बायकोला पुरावा दाखवायला बोलावलं.

"अहो, हे तुमचेच पाय होत," ती म्हणाली. "अंगठा पाहा की. एवढा फेंगडा अंगठा मोहल्ल्यात दुसऱ्या कोणाचा हाय? अन् पावडर पुसून घ्या, मी नाही पुसत."

शेवटी मी पहारा बसवला. पहारेकरी मीच. जेवण झालं की दिवाणावर आडवा व्हायचं, एक डोळा विमानावर. पारा चव्वेचाळीसच्या वर, म्हणून आधी दोनवर चालणारा कूलर तीनवर केला, टाकी काठोकाठ भरली. पहारा जितका कडक, तितका कूलर जास्त. आणि गंमत अशी, की पहारा जितका कडक, तितका पंख जास्त पिळायचा. माझ्या नाकासमोर! मी हतबल झालो. चोर मी झोपलो की येतो हे उघड होतं, आणि मी पहाऱ्यावर दहाव्या मिनिटाला घोरायला लागतो हे मोहल्ल्यात दोघांनाच ठाऊक होतं. एक बायको. दुसरा मिस्त्री, कारण पाचवीत तो माझ्याच बाकावर बसायचा.

त्यातच रामटेकला भाच्याचं लग्न आलं. दोन दिवस घर बंद. कुंड्यांना पाणी घालायला चाबी नेहमीसारखी मिस्त्रीकडे. परत आल्याबरोबर मी चपला न काढता विमानाकडे गेलो. डावा पंख सरळ! अगदी फुटपट्टी लावून पाहिला.

दुसऱ्या एखाद्याला आनंद झाला असता. मला खात्री पटली. गुन्हेगार पुरावा मिटवतो, हे कोणालाही सांगता येईल. मिस्त्रीला वाटलं असणार मास्तरला संशय आला, म्हणून दोन दिवसांत गुपचूप सरळ करून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा पिऊन गेला, आणि दुपारी उशिरा पंख पुन्हा वाकडा. आता काय उरलं? त्या संध्याकाळी तो आला तेव्हा मी उभाच होतो.

"मिस्त्री, खरं सांग. तुले हे विमान बंगलोरले न्यायचं हाय का?"

"काय?"

"पहिल्याच दिवशी म्हणत होता, माह्याकडं ठेव. मी रामटेकले होतो तर पंख सरळ. मी आलो, तू येऊन गेला, तर वाकडा. चाबी तुह्याजवळ."

तो माझ्याकडे बघत राहिला, पंखाच्या कडेनं बघतो तसा, एक डोळा बारीक करून.

"म्हणजे मी पिळतो पंख?"

"मंग कोण पिळते?"

"मीच बनवला तो पंख, मास्तर."

एवढंच बोलला. खिशातून चाबी काढून टीपॉयवर ठेवली. मग पिशवीतून रिमोट काढला, तो चाबीच्या शेजारी ठेवला. बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होती.

"नको वयनी, आज चहा नको."

पन्नास वर्षांत त्या माणसानं माझ्या घरी चहाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. दारातून वळून म्हणाला, "उडव मंग तूच," आणि गेला.

"काय बोलले तुम्ही त्याले?" बायकोनं विचारलं. मी सांगितलं नाही. तिनं तो चहा मलाही दिला नाही.

आठ दिवस मिस्त्री आला नाही. त्या आठ दिवसांत पंख रोज पिळत होता. आता शहाण्या माणसाला कळायला हवं होतं, की आरोपी येत नाही आणि गुन्हा चालूच आहे. मी शहाणा नसून मास्तर असल्यामुळे मला असं वाटलं की सुतार माणूस, त्यानं दुसरी चाबी करून घेतली असणार. मी दाराचं कुलूप बदललं. तारीख मात्र सरकत होती. त्याच्या घरापुढून जाताना मला व्हरांड्यात दोरीनं बांधलेली खोकी दिसायची, आणि मी मान खाली घालून स्कूटर जोरात न्यायचो.

मग रविवारी आमरस झाला. पानात पापड होता. मी तोडायला गेलो तर तुटेना. चामड्यासारखा वाकला.

"हा भाजला नाही का?"

"भाजला नं. सकाळीच भाजून ठेवले, अन् ताट राहून गेलं बैठकीत. कूलरसमोर ठेवले तर मऊ पडणारच. त्यात इचारायचं काय?"

मी पापड उचलून धरला. त्याची एक बाजू खाली लोंबली होती आणि दुसरी वर आली होती. पंच्याला सुरुवातीला बसतो तसा वळसा. मी पापडाकडे पाहिलं, मग पानावरून उठून बैठकीत गेलो आणि पंखाकडे पाहिलं. खिडकीत कूलर सों सों करत होता. त्याच्या तोंडापासून डावा पंख दोन हातांवर. उजवा पंख पलीकडच्या कोरड्या कोपऱ्यात. रामटेकचे दोन दिवस कूलर बंद.

तीस वर्षं. तीस वर्षं मी पोरांना हवेतली आर्द्रता शिकवली. एका तापमापीच्या टोकाला ओली चिंधी बांधायची, दुसरा कोरडा ठेवायचा, फरक मोजायचा. फळ्यावर आकृती काढून द्यायचो. आणि इथे मी स्वतः ओल्या वाऱ्यात हलक्या लाकडाचा पंख ठेवून, त्याच्यावर पहारा करायला आणखी ओलं वारं सोडत होतो. चोराला मीच रोज दुपारी पाणी भरून देत होतो.

मी हात धुतले नाहीत. पापड हातातच घेऊन मिस्त्रीच्या घरी गेलो. तो खोक्यांत भांडी भरत होता. मी पापड पुढे केला. 

त्यानं पापड हातात घेतला, बोटांनी दाबून पाहिला, वाकवून पाहिला.

"कूलरचा," तो म्हणाला.

"तुले माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ना, इथं नको."

"अबे, पण कारण सांगाचं ना! एवढं तोंडातून काढता नाही आलं?"

"तू फिजिक्सचा मास्तर," मिस्त्री म्हणाला. "लाकडाले ओल लागते, हे मी तुले शिकवू? मले वाटलं, तुह्या डोक्यात काही हिशेब असन."

हे ऐकून मला जे वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी खाली बसलो आणि त्याच्या बायकोचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळायला लागलो. दोन डबे मी चुकीचे गुंडाळले, ते त्यानं मुकाट्यानं उघडून परत गुंडाळले. मग म्हणाला, "बुधवारी जाऊ. पंख दोन दिवस वाळू दे."

बुधवारी उजाडल्याबरोबर आम्ही विमानाचे पंख सोडवून गाडीत घातले आणि खाप्याकडे निघालो. शहरात खरी विमानं उडतात, तिथे आमचं काम नाही. कन्हान नदीच्या अलीकडे मिस्त्रीच्या साडूचं शेत होतं, गहू निघालेलं, मधून सरळ गाडवाट. वारा पडलेला. मिस्त्रीनं प्रत्येक जोड ओढून पाहिला. मी चिकटवलेले जोड दोनदा ओढून पाहिले.  आता संशय घ्यायची पाळी त्याची होती.

बांधावरून एक म्हातारबुवा आले. बराच वेळ पाहून म्हणाले, "फवारणीचं हाय का?"

"नाही बाबा."

"मंग टाकी काहून नाही?"

"फवारणीचं नाही. नुसतं उडते."

"नुसतं?" त्यांनी आम्हा दोघांकडे, आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "मंग कोनाच्या वावराचे फोटो काढून राहिले?"

त्यांची समजूत पटली नाही. ते बांधावर उकिडवे बसून आमच्यावर नजर ठेवून राहिले.

मिस्त्रीनं रिमोट गळ्यात अडकवला. मी शेपूट धरून बसलो, त्यानं मान हलवली तेव्हा सोडली. पिवळं विमान गाडवाटेवरून धडधडत गेलं, शेपूट उचलली, आणि एका ठिकाणी त्याच्या चाकांखाली धूळ उठायची बंद झाली. बस, तेवढंच. मग ते वर होतं. सूर्य त्याच्या कापडातून आरपार दिसत होता आणि आतल्या फासळ्या मोजता येत होत्या. डावीकडे कललं तेव्हा मी डोळ्यांवर हात धरून डावा पंख पाहायला लागलो. पण ते मिस्त्रीनंच वळवलं होतं.

पाचव्या फेरीला तो म्हणाला, "उडते."

"हे उडते," मी म्हणालो. "सोनेगावचं उडत होतं का, ते सांग."

"उडत होतं."

"नाही उडत होतं."

उतरताना एक चाक ढेकळात अडकलं, विमानानं नाक टेकलं आणि पुढचा पंखा तुटला. म्हातारबुवा आमच्याआधी तिथे पोचले. वाकून खाली, आत, सगळीकडे पाहून घेतलं. टाकीही नाही, कॅमेराही नाही. तेव्हा त्यांना आमचा खरा संशय आला, की ही माणसं येडी आहेत, आणि ते लगबगीनं निघून गेले.

जायच्या आदल्या दिवशी मिस्त्री घरी आला. चहा घेतला, दोनदा घेतला. विमान आता माझ्या मागच्या खोलीत होतं, कूलरपासून लांब, भिंतीला लागून. तो आत गेला, भिंतीवर तळहात ठेवून उभा राहिला. मग वाकून त्यानं विमानाचं नाक दोन्ही हातांनी उचललं. खोटं कशाला सांगू, त्याच्या दारात ट्रक उभा होता आणि क्षणभर माझ्या मनात आलंच.

"शेपूट पकड," तो म्हणाला.

मी पकडली. आम्ही ते उचलून समोरच्या भिंतीकडे नेऊन ठेवलं.

"त्या भिंतीपलीकडं न्हाणी हाय," मिस्त्रीनं या वेळी कारण सांगितलं. "ओल येते."

मी खिशातून नव्या कुलुपाची चाबी काढून त्याच्या हातावर ठेवली. बंगलोरला बसून तिचा काय उपयोग, हे त्यानं विचारलं नाही. चष्म्याच्या घरात टाकली, घर बंद केलं आणि खिशात ठेवलं.