कोमट

माझ्या ताईचा नवरा हा आमच्या नात्यातला सगळ्यात कंटाळवाणा माणूस आहे, असं मी वर्षानुवर्षं त्यांच्या तोंडावर सांगत आले. मेव्हणीला तेवढा हक्क असतोच. गल्लीत त्यांना सगळे भट्टीवाले म्हणतात. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते एकाच बेकरीत आहेत. पहाटे जायचं, दुपारी पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया घेऊन परतायचं, जेवून आडवं व्हायचं. "भाऊजी, तुमचा पाव तुमच्यापेक्षा जास्त बोलतो, निदान तोडताना कुरकुरतो तरी," असं मी म्हटलं की ते नुसते हसायचे. राग म्हणून कधी येत नसे त्यांना. मला त्याचाच राग यायचा.

एक करामत मात्र त्यांच्यापाशी होती. भट्टीतून निघालेला पावांचा तापलेला पत्रा ते उघड्या हाताने फळीवर सरकवत. घरी ताई गॅसवरून पातेलं उतरवायला फडकं शोधत असायची, तोवर यांनी ते उचलून खाली ठेवलेलंही असायचं. "हात आहेत की चिमटे?" ताई ओरडायची. आम्ही सगळे हसायचो. इतक्या वर्षांत त्या बोटांना काय झालं असेल, याचा विचार कुणीच केला नाही, त्यांनी स्वतःही नाही.

मग त्यांची मुलगी गेली. एकुलती एक, कॉलेजात जाणारी, धडधाकट पोर. मेंदूत ताप गेला आणि हां हां म्हणता संपलं सगळं. ताई रडली नाही. तिने जेवण सोडलं. मुद्दाम उपाशी राहायचं म्हणून नव्हे, तिच्या घशाखाली घास उतरेना. मी विनवण्या केल्या, शपथा घातल्या, एकदा तर रागाने ताट आपटलं. वर्ष होत आलं तेव्हा तिची मनगटं काड्यांसारखी झाली होती. डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, "यांना कसंही करून खायला लावा. असंच चाललं तर आमच्या हातात काही राहणार नाही." भाऊजी बेकरीतून तिच्यासाठी गरम पाव आणायचे. तो दुसऱ्या दिवशी कावळ्यांना जायचा.

बेकरीच्या मागचं जुनं झाड तोडलं, त्या दिवशी ते पाव न आणता बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आले. ढोलीतली पोपटाची तीन पिल्लं खाली पडली होती, त्यातलं एक जिवंत होतं. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, पोट सुपारीएवढं आणि डोकं त्याहून मोठं. इतकं कुरूप ध्यान मी जन्मात पाहिलं नव्हतं. "हे कशाला आणलंत घरात? मरेल की उद्या," मी म्हणाले. भाऊजींनी डबा ताईच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "भूक लागलीय त्याला."

ताईने डब्यात पाहिलं. पिल्लाने चोच वासली. ताई उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी एक पूड दिली, कोमट पाण्यात कालवून पातळ करायची. थंड दिलं तर गळ्याखालच्या पिशवीत आंबतं, गरम दिलं तर आत पोळतं, हे त्यांनी बजावून सांगितलं. भाऊजींनी एका चमच्याच्या दोन्ही कडा बोटांनी दाबून त्याची पन्हळ केली. ताई मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायची, लेकीच्या दुधाचं बघायची तसं. मग चमचा चोचीशी धरायचा. पिल्लू मान गदागदा हलवत गिळायचं आणि छातीवरची पिशवी फुग्यासारखी भरायची. ती रिकामी झाली की पुन्हा बोंब. ताईने त्याचं नाव ठेवलं भस्म्या. "ए भस्म्या, तुझ्या पोटाला काही तळ आहे की नाही?" वर्षभराने मी तिचा चढलेला आवाज ऐकला.

आणि ती जेवायला लागली. एक चमचा त्याला, एक घास तिला, असं कधी सुरू झालं ते तिलाच कळलं नसावं. भाऊजी दाराआडून बघत बसायचे. भस्म्याच्या अंगावर हिरवे काटे फुटले, डोळे उघडले, ताईच्या गालांवर मांस आलं. मला वाटलं, सुटलो आपण.

मग एका दुपारी ताईला झोप लागली. साधी डुलकी नव्हे, तोंड उघडं टाकून घोरत पडली होती. भाऊजी कामावरून आले, तर डब्यात भस्म्याची बोंब चाललेली. तिला उठवावंसं त्यांना वाटलं नाही. त्यांनी पूड कालवली, गॅसवर धरली, बोट बुडवून बघितलं आणि भरवलं. ताई जागी झाली तेव्हा भस्म्या गप्प होता. पोट भरलंय म्हणून गप्प आहे, असंच दोघांना वाटलं.

चार-सहा दिवसांनी ताई भरवत असताना खाणं छातीतून बाहेर गळायला लागलं. वरून चमचा, खालून थेंब. तिने किंकाळी फोडली. मी आणि भाऊजी डबा घेऊन पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टरांनी पिसं बाजूला केली, तर कातडी काळी पडून भोक पडलं होतं. "आतून भाजलंय हे. एवढं गरम कुणी दिलं?"

"मी दिलं," भाऊजी म्हणाले. "बोटाने बघितलं होतं. कोमट होतं."

डॉक्टरांनी त्यांचा हात उताणा केला, बोटांची घट्टे पडलेली टोकं दाबून पाहिली. टाके घालायला घेतले तिथेच पिल्लू गेलं.

परतताना मी भाऊजींना रस्त्यातच थांबवलं. "ताईला यातलं काही सांगायचं नाही. आजाराने गेलं म्हणा. कळलं तर जन्मात तुमचं तोंड बघणार नाही ती." ते मान हलवून चालायला लागले.

पण ताईने आजार मानलाच नाही. "माझ्याच चमच्याची कड लागली असणार," ती म्हणाली. "माझ्या हाताला यशच नाही. पोरगी नाही राखता आली, हा एवढासा जीवही नाही." आणि तिने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. मनगटं पुन्हा तशीच दिसायला लागली. मी शपथेवर सांगत होते की चमच्याने काही झालं नाही, पण मग कशाने झालं, हे मला सांगता येत नव्हतं.

एका दुपारी भाऊजी तिच्यासमोर खाली बसले. मी इशारे करत होते, त्यांनी बघितलंच नाही.

"अगं, तुझा चमचा नव्हता. मी गरम दिलं. तू झोपली होतीस त्या दिवशी. बोट घालून बघितलं, मला कोमट लागलं."

"तुम्हाला?" ताई म्हणाली. "तुम्हाला कोमट लागलं? या बोटांनी? मला उठवायला काय झालं होतं?"

"इतक्या दिवसांनी झोपली होतीस."

"कायमची जागी राहिले असते मी!" तिने समोरचा पेला त्यांच्या अंगावर फेकला. "मारलंत त्याला. शिजवून मारलंत. यापुढे तुमच्या हातचं पाणीसुद्धा नको मला, कळलं?" ती तशीच उठली, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली आणि तांदूळ धुवायला लागली. स्वतःपुरता भात केला आणि त्यांच्याकडे पाठ करून, रडत, शिव्या देत, सगळा खाल्ला. मी दारात उभी राहून बघत होते. भाऊजी फरशीवरचं पाणी पुसत होते.

तेव्हापासून ती त्यांच्याशी बोललेली नाही. त्यांचं ताट मांडत नाही. ते बेकरीतच उभ्याने काहीतरी खातात आणि घरी बाहेरच्या खोलीत झोपतात. परवा मी मुद्दाम भट्टीवर गेले. मला भांडायचं होतं, की रडायचं होतं, मलाच ठाऊक नाही. "कशाला सांगितलंत, भाऊजी? मी नको म्हटलं होतं ना?"

त्यांनी पत्रा सरकवून ठेवला. "आज जेवली का ती?"

"जेवली. तुमचा उद्धार करत करत."

"करू दे," ते म्हणाले. "स्वतःला बोल लावायची तेव्हा घास उतरत नव्हता गं."