मिरजेची गाडी आणि दुपारचं नाटक

माझ्या धाकट्या दिराची रजा संपली होती. लढाई चालू होती, पलटणीत वेळेवर हजर होणं भाग होतं. त्याची गाडी मिरजेहून संध्याकाळी. आम्ही कडेगावाहून सकाळच्या मोटारीनं सांगलीत उतरणार, म्हणजे मधला दिवस रिकामा. रिकामा दिवस मला बघवत नाही. मी क्रम लावून टाकला: गणपती, संग्रहालय, चित्रं, जेवण, दुपारचं संगीत नाटक आणि नाटक संपताच टांग्यानं मिरज. यांना कचेरीतून सुटी नव्हती, म्हणून पोचवायला मी आणि मामंजी.

मामंजी म्हणजे घाईचा माणूस. जेवतानाही एक पाय उसाकडे. संग्रहालयात तेच मला पुढे ढकलतील असं मी धरून चालले होते. पण दारात वहाणा काढून ते आत गेले आणि पेंढा भरलेल्या वाघापुढे जे उभे राहिले, ते हलेचनात.

“ह्यो कवा मारला?” त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

“मला काय ठावं? मी आलो तवा मेलेलाच हुता.”

“मग कुणाला ठावं आसंल?”

“वाघाला.”

तरी हलले नाहीत. चित्रांच्या दालनात तर त्यांनी नदीघाटाच्या एका चित्रासमोर बाकावर बैठकच मारली.

“मामंजी, अजून पुष्कळ चित्रं राहिलीत.”

“आगं, ती बाई आजून पानी भरतीया. भरू दे की तिला.”

“वहिनी,” दीर हळूच म्हणाला, “आबा आज लय रसिक झाल्यात.”

जेवण कसंबसं उरकून नाटक गाठलं. तिथं बायका वर माडीवर, पुरुष खाली. मला दोघं दिसत होते, पण मामंजींना आवरायला माझा हात पोचणार नव्हता. नायिकेचं बागेतलं पद झालं, लोक ‘वन्स मोअर’ ओरडले, तिनं ते पुन्हा म्हटलं. मामंजींनी शेजाऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं. दिरानं मला नंतर सांगितलं, त्यांनी विचारलं होतं, “मागितलं की म्हनावंच लागतं का?” शेजारी म्हणाला, लागतंच.

तिथून मामंजी सुटले. “परत म्हना!” शिवाराच्या टोकाला हाक पोचवणारा तो आवाज. प्रेक्षकांनाही मजा वाटली, तेही साथ देऊ लागले. नायक तलवार लागून पडला, पडल्या पडल्या गायला आणि मेला. “परत म्हना!” तो उठून बसला, मिशी नीट केली, पुन्हा गायला, पुन्हा मेला. मी उभी राहून वरून मनगटावरचं घड्याळ दाखवत होते.

“आवं बाई, खाली बसा की,” मागची म्हणाली, “मेलेला दिसंना आमाला.”

घरी भजन सुरू झालं की उठून गोठ्यात जाणारा हा माणूस! तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांना गाणं नको होतं, गाडी चुकायला हवी होती.

दिरालाही ते कळलं असावं. तो वाकून म्हणाला (हेही त्यानंच नंतर सांगितलं), “आबा, उशिरा गेलो तर फुडची रजा कापत्यात.”

नायक तिसऱ्यांदा मेला. आता अख्खं थिएटर ‘वन्स मोअर’ ओरडत होतं आणि मामंजी एकटे उभे राहून सगळ्यांवर खेकसले, “आरं, मरू द्या की त्याला आता! पोराला गाडी गाठायचीया!”

रंगमंचावरच्या प्रेताचं पोट गदगदा हललं.

टांग्यात माझ्यापेक्षा त्यांचीच घाई. “हाण की रं! घोडं हाय का शेरडू?” धावत फलाटावर पोचलो, तर गाडीचा पत्ता नाही. हमाल म्हणाला, “लढाईचे दिवस, आवं. येईल तवा येईल.”

मामंजी ट्रंकेवर ऐसपैस बसले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

“ती बागंतली बाई म्हनत हुती,” ते लेकाला म्हणाले, “ते येतं का तुला?”

दिराचा आवाज फाटका. त्यानं कसंबसं म्हटलं.

“परत म्हन.”

सिग्नल पडला तोवर ते पद आम्हा तिघांनाही पाठ झालं होतं.