चिंचेतली शीळ

तळ्यावरून शीळ घालत बदकं गेली. नात म्हणाली, "आजी, ही अडई. झाडावर अंडी घालते." मला शिकवते!

निजामाच्या राज्यात मी तलवाड्यात नवी सून होते. रोज तिन्हीसांजेला परसात शीळ वाजायची. सासू फिस्कारली, "कोन बोलावतंय गं तुला?" मला कायमची माहेरी धाडायला तिनं गाडी जुंपायला लावली.

मी गाडीत बसणार, तेवढ्यात परसातल्या चिंचेच्या ढोलीतून शीळ घालत तपकिरी बदक उडालं. बदक झाडावर राहतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी वर चढून ढोलीत पाहिलं, तर पांढरी अंडी.

"पाखरू हाय," म्हणत त्यांनी बैल सोडले.

सासूनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "गावात एवढी झाडं, पाखरूबी हिच्याच मागं आलं!"