कडुनिंबावरचा चातक

कारंज्याचे सैफुद्दीन मन्सुरी दिवाळी सरली की नागपूरची एसटी धरत. रुई पिंजायचं यंत्र साडूच्या घरी ठेवलेलं असे. ते हातगाडीवर चढवायचं आणि तलावाजवळच्या कॉलनीत कडुनिंबाखाली बस्तान मांडायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. थंडीची चाहूल लागली की बायका जुन्या गाद्या, रजया घेऊन येत. संक्रांत आली की सैफुद्दीन परत कारंज्याला.

यंदा त्या कडुनिंबावर एक पाखरू होतं. पाठीनं काळपट, पोटानं पांढरं, डोक्यावर शेंडी. रोज सकाळी गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं येऊन त्याच्याकडं माना वर करून उभी राहायची. त्यांच्यातली पल्लवी नावाची मुलगी मोकळ्या स्वभावाची होती. सैफुद्दीननी तिलाच विचारलं, "काय पाहून राह्यले वं बाई एवढं?"

"चातक आहे, काका. पावसाळ्यात येतो आणि थंडीच्या आधी समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातो. या दिवसांत इथं दिसतच नाही. हे यंदाचं पिल्लू आहे, मागं राहिलंय."

"मंग आता कसा जाईन?"

"आता कठीण आहे."

सैफुद्दीनना ते ऐकवेना. "तुमी एवढे जण हाय. धरा ना त्याले."

"उडतोय अजून. धरायला गेलो तर घाबरूनच मरेल. काही करता येत नाही, काका. आम्हीसुद्धा नुसते बघतोच."

त्या दिवसापासून सैफुद्दीनचं लक्ष कामात कमी आणि झाडावर जास्त. चातक सुरवंट खातो हे पल्लवीकडून कळलं, तेव्हा ते भाजीवाल्याकडं गेले. टाकून दिलेल्या कोबीच्या पानांतल्या अळ्या त्यांनी वेचून आणल्या आणि कुंपणाच्या भिंतीवर ठेवल्या. चातक खाली उतरायच्या आत कावळ्यांनी त्या फस्त केल्या. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन ते कावळे हाकलत बसले, तर चातकही भिऊन पलीकडच्या गच्चीवर जाऊन बसला.

फोनवर बायकोला, अमीनाबीला, त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाखरापायी एवढं काहून लावून घेता जिवाले? मफलर बांधत जा, थंडी लय हाय म्हनतात तिकडं."

थंडी खरंच वाढली. पाखरू फुगून एका फांदीवर बसून राहू लागलं. कॅमेरेवाल्यांना आता फोटो सोपे झाले होते.

एका सकाळी सैफुद्दीन गाडी घेऊन आले तर पाखरू झाडाखाली पाचोळ्यात पडलं होतं. हातात घेतलं तेव्हा त्याला वजन असं नव्हतंच, पण छाती धडधडत होती. त्यांनी ते ताज्या पिंजलेल्या रुईत ठेवलं आणि पल्लवीला फोन लावला. स्कूटीवरून ती लगेच आली. खोक्यात घालून पाखराला डॉक्टरकडं घेऊन गेली.

दुपारी तिचा फोन आला. "काका, गेला तो. रस्त्यातच."

सैफुद्दीन म्हणाले, "कालच धरला असता तं वाचला असता का वं?"

"माहीत नाही, काका. खरंच माहीत नाही."

संध्याकाळी कॉलनीतली एक बाई रजई परत घेऊन आली. एका बाजूला रुईचे गोळे झाले होते, दुसऱ्या बाजूला नुसती खोळ हाताला लागत होती. "भाऊ, तुमच्या हातून असं कधी होत नाही," ती म्हणाली.

"ध्यान नव्हतं, ताई. आता करून देतो," सैफुद्दीन म्हणाले आणि खाली बसून टाके उसवू लागले.